भोपळ्याच्या वाडग्यावर काळविटांचा कळप

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत कुठल्याही कारखान्यात शिरलं की सतारींच्या आधी भोपळे दिसतात. माळ्यावर, जिन्याखाली, भिंतीला टेकून, जिथं जागा मिळेल तिथं रचलेले. ते येतात सोलापूर जिल्ह्यातून, पंढरपूर, मंगळवेढा, बेगमपूर या पट्ट्यातून. तंबोऱ्याला मोठ्या घेराचा आणि चारी अंगांनी सारखा फुगलेला भोपळा लागतो. जो एका बाजूला कलला, ज्याचा घेर लहान राहिला, ज्याला जमिनीवर टेकून चपटेपणा आला, तो निवडीत मागं पडतो. मी वाडगे करते ते या मागं पडलेल्या भोपळ्यांचे. त्यांवर प्राणी काढते, पण रंगानं नाही, तापलेल्या लोखंडानं. कवचावर जळकी रेघ ओढत ओढत चित्र उभं करायचं, असं हे काम आहे. मी शिकायला लागले तेव्हा मला याबद्दल मराठीत वाचायला काही मिळालं नव्हतं, म्हणून सगळं जरा सविस्तर लिहितेय.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिच्याभोवतीच फिरणार आहे. भोपळ्यावर कोणता प्राणी काढायचा हे घरी कागदावर ठरत नाही. ते भोपळ्याचा कल, त्याचा फुगवटा आणि त्याच्या अंगावरचे डाग पाहून ठरतं. नक्षी छान पण वाडगा निर्जीव वाटतो, असं जेव्हा होतं तेव्हा बहुतेक वेळा कुठल्यातरी पुस्तकातला हत्ती उचलून त्या गोल अंगावर चिकटवलेला असतो.

हा भोपळा म्हणजे आपल्या भाजीच्या दुधीचीच कडू, कठीण सालीची जात. शास्त्रीय नाव दोघांचं एकच, लाजेनेरिया सिसेरारिया. मूळ आफ्रिकेतलं. सुकलेलं फळ पाण्यावर तरंगतं, आतलं बी महिनोन्‌महिने शाबूत राहतं, आणि अमेरिकेतले प्राचीन भोपळे समुद्रावरून असेच आफ्रिकेहून वाहत गेले असावेत, असं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासातून पुढं आलं. मातीची भांडी यायच्या आधीपासून माणसं याच फळात पाणी भरून ठेवत आली. आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकताना पाठीला सुका भोपळा बांधायचे. सातपुड्यातल्या होळीत नाचणारे गडी कमरेला सुके भोपळे बांधतात, पालघरकडच्या तारप्याचा फुगा भोपळ्याचाच असतो, आणि बैराग्याच्या हातात तुंबा असतोच. इतकं जुनं, इतकं सोबतीचं फळ आपण आता फक्त वाद्यांच्या दुकानात पाहतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मिरजेत तंतुवाद्यांचं काम सुरू झालं ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात. शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी त्याची सुरुवात केली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. मी ज्यांच्याकडे जाते त्या कारखान्यातल्या चाचांनी मला पहिली शिकवण दिली ती बोटानं. भोपळा उचलायचा, कानाजवळ धरायचा, आणि बोटाच्या पेरानं सगळीकडे टकटक करत जायचं. जाड कवच भरीव वाजतं, पातळ कवच पोकळ. एकाच भोपळ्यात दोन्ही असतात. वेलीकडची बाजू आणि तळ यांच्या जाडीत चांगलाच फरक पडतो. "ताई, भोपळ्याला डोळ्यांनी निवडू नका, कानानं निवडा," असं ते म्हणतात. तबली, म्हणजे तोंडावरची लाकडी फळी, बसवण्यासाठी भोपळ्याचा एक भाग कापून काढावा लागतो. तो कापलेला तुकडा त्यांना नको असतो. असे तुकडे मी पोतं भरून आणते. सरावाला यांच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही, कारण कवच तेच, वळण तेच, आणि बिघडलं तरी अख्खा भोपळा वाया जात नाही.

जाळण्याचं काम मात्र मिरजेत शिकायला मिळणारं नव्हतं. ते छत्तीसगडमधल्या बस्तरचं. रायपूरहून जगदलपूरला जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ३० वर केशकालचा घाट चढून गेलं की कोंडागाव लागतं. लोकांना ते ढोकऱ्याच्या, म्हणजे मेणाचा साचा वितळवून केलेल्या पितळी मूर्तींच्या कामासाठी माहीत आहे. पण त्याच भागात तुंब्याचंही काम होतं. बस्तरच्या आदिवासी घरांत सुका भोपळा हे रोजचं भांडं. त्याला तिथं तुमा म्हणतात. पेज, पाणी, सल्फीच्या झाडाचा रस, सगळं त्यात भरून रानात न्यायचं. भांडं वापरात असल्यामुळे त्यावर नक्षी आली, आणि मग त्याच नक्षीचे दिवे, मुखवटे आणि शोभेचे वाडगे बाजारात आले.

तिथं ज्यांच्या ओसरीवर बसून मी शिकले त्यांना मी दादा म्हणायचे आणि ते मला दीदी. त्यांच्याजवळ कोळशाची छोटी भट्टी, भात्याऐवजी हातानं फिरवायचा पंखा, आणि लाकडी मुठींच्या लोखंडी सुऱ्यांची एक रांग. काही टोकदार, काही पात्यासारख्या सपाट, एक-दोन वाकड्या. निम्म्या सुऱ्या निखाऱ्यात आणि एक हातात. हातातली थंड झाली की ती आत खुपसायची आणि दुसरी ओढायची. हे सगळं मी अपेक्षेप्रमाणे पाहिलं. अपेक्षेबाहेरचं होतं ते त्याआधीचं. दादा तुंबा मांडीवर घेत आणि नुसता फिरवत बसत. पेन्सिल नाही, खडू नाही. फिरवून फिरवून झाला की माझ्या हातात देत आणि विचारत, "इसमें कौन बैठा है, दीदी?" मी म्हणायची, मोर. ते मान हलवायचे आणि म्हणायचे, मोराला पिसारा टाकायला जागा कुठं आहे इथं? मग बोटानं फुगवट्याची कड दाखवायचे. ती पाठ होती, वाकलेली, शिंगं खाली घातलेल्या गव्याची पाठ. एकदा दाखवल्यावर दुसरं काही दिसणं शक्यच नव्हतं.

लोखंडाचं शास्त्र त्यांनी न बोलता शिकवलं. निखाऱ्यातून नुकती काढलेली लालभडक सुरी कवचाला लागली की चर्र आवाज होतो, धूर निघतो आणि रेघ काळीकुट्ट, खोल उमटते. तीच सुरी थोड्या वेळानं तपकिरी रेघ देते, आणि त्याहीनंतर फिकट, उन्हात करपलेल्या गवताच्या रंगाची. म्हणजे एका सुरीत रंगांची अख्खी पेटी असते, फक्त ती ठरावीक क्रमानंच उघडते. म्हणून दादा प्रत्येक तापात आधी डोळा, शिंग, खूर उरकतात, मग पाठीची आणि पोटाची रेघ, आणि सुरी निवत आली की अंगावरचे केस, पानं, गवत. चित्राचा क्रम हात ठरवत नाही, लोखंड ठरवतं. शिवाय प्रत्येक रेघेची सुरुवात जाड आणि गडद, शेवट बारीक आणि फिका. गवताच्या पात्याला हेच तर हवं असतं.

परत आल्यावर मी पहिला मोठा वाडगा हाती घेतला तो काळविटांचा. त्याच्याबद्दलच इथं नीट लिहिते, कारण बाकीच्या सगळ्या वाडग्यांत थोड्याफार फरकानं हेच होत गेलं.

भोपळा मंगळवेढ्याकडचा. ज्यांच्या शेतातला होता त्या मामांशी मी नंतर जाऊन बोलले. पावसाळ्यात वेल लावायचा, फळं धरली की खाली पाचट किंवा काड घालायचं, म्हणजे ओल्या जमिनीला टेकून फळ सडत नाही आणि डागही कमी पडतो. वेल वाळून देठ पार तपकिरी झाल्याशिवाय फळ तोडायचं नाही. कोवळं तोडलं तर सुकताना आत बसतं. तोडल्यावरही सावलीत, हवेशीर जागी महिनोन्‌महिने ठेवावं लागतं. ताज्या फळात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं आणि ते सगळं कवचातूनच बाहेर पडतं. या काळात सालीवर बुरशी येते, काळे-करडे पट्टे उमटतात. नवख्या माणसाला वाटतं फळ गेलं. तसं नसतं. फळ हलकं झालं, हलवल्यावर आत बिया खुळखुळल्या की ते तयार. दाबून मऊ लागलं तरच टाकून द्यायचं.

माझा भोपळा एका अंगाला कललेला होता. टेबलावर ठेवला की पुढं झेपावल्यासारखा दिसायचा. बुरशीचे ठसे खालच्या बाजूला दाट आणि वर विरत गेलेले. म्हणजे खाली धूळ आणि वर मोकळी हवा, आणि एका दिशेनं झेपावणारं अंग. पळणारा कळपच तो. शिवाय ज्या मुलखात हा भोपळा वाढला तो सोलापूर-नगरकडचा कमी पावसाचा, माळरानांचा मुलूख. काळवीट, खोकड, लांडगा आणि एके काळी भरपूर असलेला माळढोक यांचा. नान्नजचं माळढोक अभयारण्य सोलापूरला लागूनच, आणि कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी तर काळविटांसाठीच १९८० मध्ये राखलेलं. भोपळा त्या मातीतला, तर वरचे प्राणीही तिथलेच असावेत, असं माझ्या मनानं घेतलं. मी रेहेकुरीला जाऊन वह्या भरून रेखाटनं केली. काळवीट पळताना मधूनच चारी पाय जवळ घेऊन उंच उडी मारतो, ती उडी छायाचित्रात दिसते तशी प्रत्यक्षात दिसत नाही. प्रत्यक्षात अंग वर गेल्यावर क्षणभर थांबल्यासारखं वाटतं. मला तो थांबा हवा होता.

आधी सफाई. भोपळा रात्रभर ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवते, सकाळी कोमट पाण्यात धरून भांडी घासायच्या तारेच्या घासणीनं वरची पातळ साल काढते. ही साल कागदासारखी सुटते. कुठंकुठं चिकट, मेणचट थर मागं राहतो. तो बोटांना कळतो, डोळ्यांना नाही. तिथं सुरी घसरते आणि रेघ तुटक येते, म्हणून ओल्या भोपळ्यावरून बोटं फिरवत सगळं अंग तपासायचं. मग दोन दिवस सावलीत वाळवायचं. घाईनं उन्हात ठेवला तर तडा जाऊ शकतो.

मग काप. गोल वस्तूवर सरळ रेघ मारणं कठीण वाटतं, पण युक्ती सोपी आहे. भोपळा चुंबळीवर बसवायचा, शेजारी पुस्तकांची चळत रचायची, तिच्यावर पेन्सिल आडवी धरायची आणि पेन्सिल न हलवता भोपळा फिरवायचा. बरोबर एका पातळीत रेघ उमटते. रेघेवर चाकूच्या टोकानं चीर पाडायची आणि त्यातून बारीक दातांचं हॅक्सॉ ब्लेड घालून हळूहळू कापत जायचं. या वेळी तोंडाला चांगला मास्क लावायलाच हवा, साधा रुमाल पुरत नाही. भोपळ्याची भुकटी कमालीची कडू असते, घशात गेली की खोकला थांबत नाही, आणि काहींना तिची ॲलर्जीही येते. आतला पांढरा, स्पंजासारखा गर आणि बिया काढायला मी आधी वाडगा पाण्यानं भरून ठेवते, गर मऊ झाला की चमच्यानं खरवडते. मग पॉलिश पेपर, आधी १२० नंबर, मग २२०, शेवटी ४००. आतली बाजू जितकी गुळगुळीत, तितका वाडगा हातात घेतल्यावर जपून केलेला वाटतो. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्यात सांगण्यासारखं आणखी काही नाही.

आता आखणी. माझ्या मते सगळ्या कामाचा जीव इथं आहे.

कागदावरचं चित्र गोल अंगावर छापता येत नाही. कागदाला चुण्या पडतात, काळविटाचं पोट सुरकुततं. त्यामुळे हात सैल करून थेट कवचावरच काढावं लागतं. त्याआधी जागा वाटून घ्यायची. कागदाची पट्टी काठाभोवती गुंडाळून बरोबर टोकाला कापायची, ती तीनदा दुमडली की आठ सारखे भाग मिळतात, त्या खुणा काठावर उतरवायच्या. एवढं सगळे करतात. खरी अडचण खाली आहे. वाडगा तळाकडे निमुळता होतो. वर जितकी जागा आहे तितकी खाली नाही. प्राणी काठाजवळ मोकळे उभे राहतात आणि त्यांचे पाय तळाशी एकमेकांत अडकतात. कळपाचा गोंधळ होतो. मी बस्तरचे तुंबे पुन्हा नीट पाहिले तेव्हा लक्षात आलं की तिथं प्राण्यांची उभी राहायची रेघ नेहमी फुगवट्याच्या सगळ्यात रुंद भागावर असते. खाली असतं गवत, पाणी, मासे किंवा नुसती त्रिकोणांची नक्षी. जागा कमी होत जाईल तसं दाटत गेलं तरी शोभतं ते खाली, आणि ज्याला मोकळेपणा लागतो ते वर. मी काळविटांचे खूर रुंद भागावर टेकवले आणि खालचा सगळा निमुळता भाग कुसळी गवताला दिला. बुरशीचे ठसेही तिथंच होते. मी ते घासून काढले नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे उडी. सपाट कागदावर उडी मारणारा काळवीट वर काढावा लागतो. वाडग्यावर तो फुगवट्याच्या कडेवर काढला की पाठ उजेडात येते आणि पाय खालच्या सावलीत जातात, त्यामुळे अंग आपोआप उचललं जातं. मी मुख्य नर तिथं घेतला. नराचं अंग वरून गडद तपकिरी-काळं, पोट पांढरं, डोळ्याभोवती पांढरं कडं, शिंगं पिळाची आणि वलयांची. माद्या फिक्या आणि बिनशिंगाच्या. जाळकामाला यापेक्षा सोयीचा प्राणी नाही, कारण पांढरं काही काढावंच लागत नाही. भोपळ्याचं स्वच्छ कवच हेच पोट. पाठ जाळायची आणि पोटाला हात लावायचा नाही.

तिसरी गोष्ट शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. वाडग्याला पहिलं पान नसतं. बघणारा कुठूनही सुरुवात करतो. म्हणून कळप कुठंच सुरू होता कामा नये आणि कुठंच संपता कामा नये. शेवटच्या मादीचं नाक पहिल्या पाडसाच्या मागच्या पायाजवळ यायला हवं, म्हणजे शिवण दिसत नाही. पण मला त्यात लांडगाही हवा होता, कारण लांडग्याशिवाय हा कळप का पळतोय हेच कळत नाही. आपला माळावरचा लांडगा हडकुळा, लांब पायांचा, आखूड केसांचा. तो मी नराच्या बरोबर पाठीमागच्या बाजूला, गवताच्या पातळीत खाली घेतला. एका बाजूनं पाहिलं तर फक्त उडी दिसते, लांडगा दिसत नाही. लांडगा दिसला की नर दिसत नाही. वाडगा हातात घेऊन फिरवल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही. चित्राच्या चौकटीत हे करता येणार नाही, आणि म्हणूनच मला या कामाची इतकी ओढ आहे.

जाळायला घरी मी दोन्ही साधनं वापरते. एक विजेवर चालणारं वुडबर्निंग मशीन, तारेच्या निबचं, ताप कमी-जास्त करायचं बटण असलेलं. साधं सोल्डरिंग आयर्न सुरुवातीला चालतं, पण त्याचं टोक जाड, बारीक केस काढता येत नाहीत. मशीनवर क्रम उलटा ठेवते. आधी फिकं, मग गडद. जळलेली रेघ पुसता येत नाही, म्हणून कमी तापावर हलकी रेघ ओढून घेते आणि खात्री झाली की तीवरूनच ताप वाढवून जाते. हात फिरवायचा नाही, भोपळा फिरवायचा. मनगट टेकलेलं, निब स्वतःकडे ओढत आणायची, आणि डाव्या हातानं वाडगा हळूहळू वळवत राहायचं. निब कवचावर टेकवण्याआधीच हात चालता हवा, नाहीतर सुरुवातीला काळा ठिपका पडतो. काळविटाची पाठ मी एकसलग काळी केली नाही. मानेपासून शेपटीकडे केस जसे पडतात तशा आखूड रेघा, एकीवर एक, दाट होत जाणाऱ्या. जिथं स्नायू फुगतो तिथं रेघांमध्ये थोडी जागा सोडायची. शिंगांची वलयं मात्र एका दमात.

दुसरं साधन म्हणजे दादांकडून आणलेल्या दोन सुऱ्या आणि कोळशाची शेगडी. सगळं गवत मी याच सुऱ्यांनी केलं. मशीनची रेघ पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखी येते. गवताचं पातं तसं नसतं. सुरीनं ओढलेलं पातं मुळाशी काळं आणि शेंड्याला सोनेरी येतं, ते करायला मला काही करावंच लागत नाही. धूर मात्र दोन्हींत होतो. मी व्हरांड्यात बसते, टेबल फॅन अशा कोनात ठेवते की धूर बाजूला ओढला जाईल. वारा थेट निबवर आला तर ती थंड पडते आणि रेघ फिकी येते.

लांडग्यासाठी मी तिसरी पद्धत वापरली, पेरूमधली. पेरूच्या पर्वतात वांकायो शहराजवळ कोचास चिको आणि कोचास ग्रांदे या गावांत भोपळ्यावर इतकं बारीक कोरतात की एका फळावर अख्खी जत्रा, लग्न, नांगरणी, लामा या प्राण्यांचे तांडे मावतात. ते लोक धारदार टोच्यानं कोरतात आणि धगधगत्या काडीनं छटा देतात. ही परंपरा तिथं फार जुनी आहे. पेरूच्या किनाऱ्यावर वाका प्रिएता इथं पुरातत्त्वज्ञ ज्युनियस बर्ड यांनी १९४६ मध्ये सुरू केलेल्या उत्खननात नक्षी केलेले भोपळे मिळाले, ते सुमारे ४,००० वर्षांपूर्वीचे. त्याच देशातल्या आयाकुचो भागात कोरलेल्या रेघांत चरबी आणि जळक्या गवताची राख चोळून भरायची रीत आहे. त्यामुळे रेघ शाईसारखी काळी होते. मी चरबीऐवजी जवसाचं तेल आणि राखेऐवजी घरी धरलेलं काजळ घेतलं. लांडग्याच्या अंगाचे केस सुईसारख्या टोच्यानं कोरले, काजळ चोळलं, वरचं फडक्यानं पुसून घेतलं. जळलेली रेघ ऊबदार तपकिरी असते, काजळाची थंड काळी. त्यामुळे लांडगा कळपापासून वेगळा, थोडा परका उठून आला.

काठाचं काम थोडक्यात. काठाखाली बोटभर अंतरावर बारीक ड्रिलनं सारख्या अंतरानं भोकं पाडली आणि शिंदीच्या पात्यांची वेणी मेणदोऱ्यानं काठावर शिवली. पाती आधी भिजवून घ्यावी लागतात. शिंदी निवडली कारण तीही त्याच कोरड्या मुलखात वाढते, आणि तिचा वाळल्यावरचा रंग भोपळ्याच्या रंगाशी जुळतो. बाजारातली चमकदार लेस किंवा सोनेरी गोट लावलेले वाडगे मी पाहिले आहेत. कवचाचा स्वतःचा रंग त्यात मरतो.

पॉलिशसाठी पुन्हा चाचांकडे. वाद्यांना ते स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख कापडाच्या बोळ्यानं देतात, थरावर थर. वाडग्याच्या आतून मी तीच देते, हात कसा न थांबता चालवायचा ते त्यांनीच दाखवलं. बाहेरून मात्र मेण आणि जवसाचं तेल एकत्र गरम करून चोळते, कारण बाहेरून हाताला कवच लागायला हवं, काच नाही. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि अशी फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती दोरीवर पसरून वाळवायची. बाहेरून लाखेचा चकचकीत हात देणारेही आहेत आणि ग्राहकांना तो आवडतो. मला नाही आवडत.

हे वाडगे जेवणासाठी नाहीत, हे विचारणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते. या जातीच्या भोपळ्यात कुकुर्बिटासिन नावाचं कडू, विषारी द्रव्य असतं. कडू दुधीचा रस पिऊन आपल्याकडे माणसं दगावलेली आहेत. बस्तरच्या वापरातल्या तुंब्यांना पुन्हा पुन्हा पाणी भरून, कडूपणा जाईपर्यंत मुरवलेलं असतं. शोभेच्या वाडग्याला ते केलेलं नसतं. त्यात लोकरीचे गुंडे ठेवा, किल्ल्या ठेवा, पत्रं ठेवा. थेट उन्हात ठेवू नका, फिकट जळक्या रेघा उन्हानं उडतात आणि सगळ्यात आधी गवताचे शेंडे जातात. ओल्या फडक्यानं पुसू नका. पावसाळ्यात महिन्यातून एकदा हातात घेऊन बारीक भोकं पडलीत का ते पाहा, कारण लाकूड पोखरणारा किडा यालाही लागतो.

काळविटांचा वाडगा मी दादांना फोनवर दाखवला, हळूहळू फिरवत. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, भेडिया अच्छा है, और वो घास मेरी छुरी की है, पहचान गया. पुढच्या वेळी पाडसाला आईच्या उजेडातल्या बाजूला घे, सावलीच्या नको, म्हणजे ते लहान असूनही आधी दिसेल, असंही त्यांनी सांगितलं. ते मी वहीत लिहून ठेवलंय.

आता चाचांनी एक लांब मानेचा भोपळा बाजूला काढून ठेवलाय. मान एका बाजूला वळलेली, पोट लहान आणि गोल. त्यात शेकरू आहे. आपल्या राज्यप्राण्याचं शेपूट अंगापेक्षाही लांब भरतं आणि ते फांदीवरून खाली सोडलेलं असतं. मान म्हणजे ते शेपूट, पोटाच्या वळणावर पाठ, आणि पुढचे पाय काठाला धरलेले. त्यामुळे काप आडवा घेता येणार नाही, तिरका घ्यावा लागेल, म्हणजे मान वाडग्याला मुठीसारखी शाबूत राहील. टकटक करून पाहिलं तर मान पातळ वाजते आणि बुडाशी जाड. शेपटीचे केस कमी तापावर, सुरीनंच करायचे असं ठरवलंय. कापाची रेघ पेन्सिलीनं मारून ठेवली आहे, हवा कोरडी झाली की ब्लेड लावेन.